तपासणीचा दिवस

नोलीन पायबसच्या हातची घडी ज्यानं पाहिली नाही, त्याला नीटनेटकेपणा कळायचा नाही. आमच्या बर्नी गावच्या इस्पितळाच्या लाँड्रीत तिनं सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. चारही कोपरे असे जुळायचे, की चादर कुणी कधी वापरलीच नसावी असं वाटावं. हीच सवय तिच्या मुळावर आली, असं माझं मत आहे. तिला मी ते कधी बोललो नाही.

मी लायल. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आता निवृत्त आहे आणि दिवसभर खिडकीत बसून लोकांच्या चुका बघतो. माझं घर रस्त्याच्या या बाजूला, चढावर. समोर खालच्या अंगाला पायबसांचं. लाकडी फळ्यांचं, पुढं चार पायऱ्या, मागं पत्र्याची शेड, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं बंदर आणि तिथं जहाजांत भरायला रचलेला लाकडाच्या भुशाचा डोंगर. घर त्यांचं म्हणायचं ते सवयीनं. होतं भाड्याचं. बारा वर्षं भाडं दिलं, एक आठवडा चुकवला नाही.

केल्विन, तिचा नवरा, कागदाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्याची नोकरी गेली, आणि पुढं चार वर्षांत साखरेनं डोळे गेले. आधी कडेकडेनं, मग सगळेच. गिरणीतला दांडगा माणूस, सहा फूट उंच, तो काठी घ्यायला तयार होईना. म्हणायचा, "काठी घेतली की लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागतात. डोळे गेलेत, कान नाही."

मग नोलीननं घरालाच त्याचे डोळे करून टाकलं. बोळातल्या भिंतीला, कमरेच्या उंचीवर, तिनं गोल डोक्याचे छोटे खिळे ठोकले. एक खिळा म्हणजे न्हाणीघर. दोन म्हणजे झोपायची खोली. तीन, स्वयंपाकघर. मागच्या दाराच्या खांबाला आकडा लावून तिथून शेडपर्यंत दोरी बांधली, अठरा पावलांची, दर सहा पावलांवर एक गाठ. त्या दोरीला धरून केल्विन रोज सकाळी शेडमध्ये जायचा आणि ओल्या काड्यांचे शेवंड पकडायचे पिंजरे विणायचा. आमच्याकडचे म्हातारे कोळी विणायचे तसे. आता त्यात शेवंड कुणी धरत नाही, हॉटेलवाले छताला टांगायला नेतात. केल्विनला त्याचं काही नव्हतं. हात चालताहेत ना, बस.

त्या घरात तुम्ही त्याला चालताना पाहिलं असतं, तर तो आंधळा आहे हे सांगूनही पटलं नसतं. चहा स्वतः करायचा. रात्री उठून नोलीनला पाणी आणून द्यायचा. एकदा वीज गेली तेव्हा मी मेणबत्ती शोधत दाराला धडकलो, आणि हा मला हाताला धरून खुर्चीपर्यंत घेऊन गेला. म्हणाला, "बस लायल. आज तू माझ्या राज्यात आहेस."

आता खिळे आणि दोरी यांची गोष्ट मालकाच्या वतीनं घर सांभाळणाऱ्या एजन्सीला कळता कामा नये, हा नोलीनचा कायदा. करारात लिहिलेलं असतं, परवानगीशिवाय खिळा ठोकायचा नाही. पण खरं कारण ते नव्हतं. आधीच्या घरात, केल्विनची नजर अधू व्हायला लागली तेव्हा, तिनं तिथल्या एजन्सीला साधं पत्र लिहिलं होतं, न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवून द्याल का म्हणून. दांडी आली नाही. करार संपला तेव्हा घर सोडायची नोटीस आली. कारण कुणी दिलं नव्हतं आणि तिनं विचारलं नाही. भाड्यानं राहणारी माणसं आमच्याकडे एवढ्यावरूनच शहाणी होतात. नळ गळतोय? बादली ठेव. भिंतीला बुरशी आली? पुसून काढ. तोंड उघडलंस की तू नावानिशी लक्षात राहिलास, आणि लक्षात राहिलेला भाडेकरू पुढच्या वेळी नको असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दर तीन महिन्यांनी एजन्सीची तपासणी असायची. आदल्या आठवड्यात पत्र यायचं. त्या दिवशी सकाळी नोलीन पक्कड घेऊन बोळात उभी राहायची आणि एकेक खिळा उपटून चहाच्या जुन्या डब्यात टाकायची. भोकं पांढऱ्या टूथपेस्टनं बुजवायची, वरून ओल्या बोटानं सारखं करायची. भिंत पांढरी, टूथपेस्ट पांढरी, दोन हातांवरूनसुद्धा दिसायचं नाही. मग आकडा काढायची, दोरी सोडून तिचं वेटोळं घराखालच्या पोकळीत ढकलायची. शेवटी केल्विनला बूट घालून माझ्या गाडीत बसवायची.

"चल रे म्हाताऱ्या," मी म्हणायचो. "तुला लपवायचा दिवस आला."

"मी आज जन्मलोच नाही," केल्विन म्हणायचा. "चिप्स तरी घेणार आहेस ना?"

आम्ही खाली समुद्राकाठी गाडी लावून बसायचो. गरम चिप्सची पुडी मधे. तो लाटांच्या आवाजावरून भरती की ओहोटी ते सांगायचा आणि माझ्याशी पैज मारून जिंकायचा. तासाभरानं नोलीनचा फोन यायचा. "झाली तपासणी. आणा त्याला घरी." मी त्याला वर घेऊन यायचो, ती दोरी बांधून ठेवलेली असायची, आणि त्याच भोकांत तेच खिळे परत बसवत असायची. बोळात पुदिन्याचा वास यायचा. केल्विन म्हणायचा, भिंतीनं दात घासलेत.

दहा वर्षं हे असंच चाललं. एजन्सीतली माणसं बदलत राहिली. कुणी दोन वर्षं टिकलं, कुणी सहा महिने. त्यातल्या एकानंही केल्विनला पाहिलं नाही. करारावर त्याचं नाव होतं तेवढंच.

मग पलीकडची माणसं यायला लागली. पलीकडची म्हणजे मेलबर्न, सिडनीची, आमच्या बेटावरून समुद्रापल्याडची. लॅपटॉप आणला की नोकरी आली, ऑफिस लागत नाही. तिकडे खुराड्याला जे भाडं देतात त्यात इकडे अख्खं घर, वर समुद्र. त्यांचं काय चुकलं? मीही तेच केलं असतं. आमची मात्र त्रेधा उडाली. घर रिकामं झालं की संध्याकाळपर्यंत गेलेलं, न बघता, फोटोंवरून. एका दलालानं माझ्या घराची किंमत सांगितली तेव्हा मी दोन दिवस शिट्टी वाजवत फिरलो, हेही लिहून ठेवतो. मला सोंग जमत नाही.

त्या वर्षी मार्चच्या तपासणीला केली नावाची नवी मुलगी आली होती. बावीस-तेवीसची असेल, हसतमुख. संध्याकाळी नोलीन खुशीत मला सांगत होती, "म्हणाली, नोलीन, मी आजवर पाहिलेल्या घरांत हे सगळ्यात छान आहे. किती फोटो काढले तिनं. टेबलावर फुलं होती, त्यांचासुद्धा काढला."

"फुलं कशाला ठेवलीस?" मी विचारलं.

"घर बरं दिसावं म्हणून. नाही तर काय?"

मी म्हटलं, "थोडा पसारा ठेवत जा गं."

"पसारा?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला चोरी करायला सांगितलं होतं.

एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. करार संपतोय, पुढं वाढवायचा नाही, बेचाळीस दिवसांत घर रिकामं करावं. आठ दिवसांनी जाहिरात लागली. नोलीननं ती मला फोनवर दाखवली. तेच मार्चमधले फोटो. तिचाच टेबलक्लॉथ, तिचीच फुलं, तिनं धुतलेले पडदे. खाली लिहिलेलं, घरून काम करणाऱ्यांसाठी उत्तम. भाडं जवळजवळ दुप्पट.

"बोळाचा फोटो बघ," ती म्हणाली. "भिंत कशी स्वच्छ आलीय."

ती रडली नाही. ते एकच वाक्य तिनं तीनदा म्हटलं.

सहा आठवडे मी तिला घरं दाखवायला नेलं. आमच्याकडे घर दाखवतात ते सगळ्यांना एकदम, पंधरा मिनिटं. बूट काढून रांगेत आत जायचं, कपाटं उघडून बघायची, अर्ज भरायचा आणि हसत बाहेर यायचं. तिशीतली जोडपी, चांगल्या पगाराची कागदपत्रं, कडेवर गोंडस पोरं. त्यात ही सदुसष्ट वर्षांची बाई, पेन्शनीवर. अर्जात घरातल्या माणसांविषयी लिहायला रकाना असतो. तिथं ती फक्त लिहायची, पती, निवृत्त. एकवीस अर्ज केले. सतरांचं उत्तरच आलं नाही.

तुम्ही म्हणाल, तू समोर राहत होतास, तू का नाही घेतलंस त्यांना? माझी मुलगी दोन पोरं घेऊन आधीच परत आली होती, तीही असंच घर सुटून. थोरला नातू बैठकीत झोपायचा. आणि माझ्या घराला रस्त्यापासून तेवीस पायऱ्या आहेत. जागा नव्हती हे खरं. पण जागा असती तर मी बोललो असतो का, हे मला अजून ठाऊक नाही. याची मला लाज वाटते.

शेवटच्या दिवशी नोलीननं घर घासून पुसून दिलं. खिळे काढले, भोकं बुजवली, सवयीनं दोरी आणि डबा घराखाली ढकलला. केल्विन पायऱ्यांवर उभा होता. "परत येताना चिप्स आणू का?" त्यानं विचारलं. कुणी हसलं नाही, तेव्हा तोच म्हणाला, "बरं, नाही आणत."

त्यांना जागा मिळाली ती कॅराव्हॅन पार्कातली, म्हणजे फिरत्या घरांच्या तळावरची, एक केबिन, पंधरा किलोमीटरवर. एक खोली, दाराला तीन लोखंडी पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. भिंती पत्र्याच्या, खिळा ठोकायची सोय नाही. केल्विन पलंगावर बसून राहायचा. शौचाला जायचं तर नोलीनचा हात धरून. गिरणीच्या पट्ट्यावर उभा राहिलेला माणूस सकाळपासून बायकोची वाट बघायचा. तिसऱ्या आठवड्यात ती दूध आणायला गेली असताना तो एकटाच दाराबाहेर आला. पायरीवरून कठडा नसलेल्या बाजूला पडला आणि खुबा मोडला.

इस्पितळातून त्याला थेट शेजारच्या विनयार्ड गावच्या वृद्धाश्रमात पाठवलं. डॉक्टर म्हणाला, हाड जुळेल, चालेल तो, पण त्या केबिनमध्ये परत पाठवणार नाही. घर असेल तर घरी जाऊ द्या. घर असेल तर. नोलीन दोन बस बदलून रोज त्याच्याकडे जायची. तिथं त्याची खोली शेवटची, दरवाजे सगळे एकसारखे, भिंती गुळगुळीत. तो चालायला लागला, पण खोलीबाहेर जाईना. मला म्हणाला, "लायल, इथं मी सगळ्यांच्या वाटेत येतो."

इकडे समोर नवी भाडेकरू आली. इमोजन सीली, बत्तीस वर्षांची, सिडनीहून. कुठल्याशा विमा कंपनीचं काम करायची, कानाला यंत्र लावून खिडकीत बसून पडद्याशी बोलायची. मी तीन आठवडे तिच्याकडे बघून मान हलवली नाही. मग एक दिवस तीच रस्ता ओलांडून आली.

"एक विचारू का? तुम्ही हसाल," ती म्हणाली. "माझ्या बोळातल्या भिंतीला पुदिन्याचा वास येतो."

मी हसलो नाही.

"छोटी छोटी भोकं आहेत. एका दाराशी एक, एकाशी दोन, मग तीन. कुणीतरी टूथपेस्ट भरलीय. आणि घराखाली एक डबा सापडला, खिळ्यांचा. आणि गाठी मारलेली दोरी. कशासाठी होतं ते?"

मी सांगितलं. राग होता, म्हणून काहीही न गाळता सांगितलं. केल्विनच्या खुब्याचंही. ती माझ्या दारात उभी राहून ऐकत होती.

"जाहिरातीत असं काही नव्हतं," शेवटी ती म्हणाली. "मी तो टेबलक्लॉथवाला फोटो बघून घर घेतलं. वाटलं, इथं कुणीतरी सुखात राहिलेलं आहे. सिडनीत मी एका खोलीत राहायचे काका, खिडकी गॅरेजमध्ये उघडायची."

"म्हणून मग इकडे आलीस."

"हो. म्हणून मग."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं झालं. पोरगी वाईट नव्हती. तिनं तो डबा आणि दोरी नीट ठेवून दिली. पुढं ती दर रविवारी विनयार्डला जायला लागली, केल्विनला फुटबॉलच्या बातम्या वाचून दाखवायला. नोलीनला सुरुवातीला ते आवडलं नाही. मग सवय झाली.

जानेवारीत इमोजनच्या कंपनीनं फर्मान काढलं. घरून काम पुरे, आठवड्यातून तीन दिवस सिडनीच्या ऑफिसात हजर व्हा, नाही तर राजीनामा द्या. आठ महिन्यांत तिचंही बिऱ्हाड उठलं. जायच्या आधी ती नोलीनला भेटली. "मी एजन्सीला सांगितलंय, माझ्या ओळखीचं माणूस आहे म्हणून. तुमचा अर्ज मीच भरते. नीट भरू, सगळं लिहू."

"सगळं नको," नोलीन म्हणाली. "पती, निवृत्त. एवढंच लिही."

"कायद्यानं तुम्हाला खिळ्यांची परवानगी मागता येते. दोरीचीही. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"तू तरुण आहेस. तुला सामान दोन बॅगांत भरता येतं."

केबिनचं भाडं आणि आश्रमाचा खर्च मिळून नव्या भाड्याएवढंच होत होतं. नोलीननं तो हिशेब केव्हाच केला होता. तिला बाकी काही नको होतं. ते घर मिळालं की केल्विन परत.

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळी सव्वादहा. घर दाखवायची वेळ. नोलीननं आदल्या दिवशी फोन केला. "लायल, मी केल्विनला घेऊन येणार आहे."

"तो कशाला? तू त्याला लपवत आलीस आजवर."

"त्याला आत जाऊ दे एकदा. गर्दीत कोण बघतंय?"

आम्ही पोचलो तेव्हा रांग फाटकाबाहेर आली होती. पस्तीस-चाळीस माणसं. दारात एजन्सीची केली, हातात यादी. "बूट काढा प्लीज. पंधरा मिनिटं आहेत." नोलीननं वाकून केल्विनचे बूट काढले. तो मोज्यांवर उभा राहिला, पायाखालच्या फळ्या त्यानं एकदा दाबून बघितल्या आणि नोलीनचा हात सोडला.

मी त्याच्या मागं होतो, म्हणून सांगतो. तो माणसांतून असा गेला, जसा घरचा मालक जातो. उजवा हात कमरेशी, बोटं भिंतीला. एका जागी थांबून त्यानं नखानं भिंत खरवडली, बोट नाकाशी नेलं आणि पुढं गेला. कुणाचा धक्का लागला तर तोच म्हणायचा, "या, या, आत या." आठ महिने मी त्या माणसाला पलंगाच्या कडेला बसलेला पाहिला होता. पाठ ताठ झाली होती त्याची. स्वयंपाकघरात एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. तिला तोही अर्जदारच वाटला.

"मागं काय आहे, पाहिलंत का?" तिनं विचारलं.

"शेड आहे," केल्विन म्हणाला. "अठरा पावलं. पश्चिमेच्या बाजूनं छप्पर गळतं, सामान तिकडं ठेवू नका."

"थँक्यू. तुम्ही आधी येऊन गेलात वाटतं."

"एक-दोनदा," केल्विन म्हणाला.

मग तो मागच्या दारात आला. खांबाशी थांबला आणि सवयीनं डावा हात वर केला, दोरीसाठी. दोरी नव्हती. त्यानं हात थोडा खाली आणला, थोडा वर नेला, पुन्हा खाली. खांबावरून फिरवला, आकड्याचं भोक सापडलं, त्यात बोट घातलं. पायाला पायरीची कड लागली होती, आणि तो तिथंच उभा राहिला. मागं माणसं खोळंबली. कुणीतरी म्हणालं, "जाताय ना पुढं?" तो हलेना.

"नोलीन," तो म्हणाला. मोठ्यानं नाही.

ती गर्दीतून वाट काढत आली आणि त्याचा हात धरला. केलीही आली होती, यादी छातीशी धरून. तिनं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं, मग खांबाच्या भोकाकडे, मग नोलीनकडे.

"हे मिस्टर पायबस?" ती म्हणाली. "यांना... नोलीन, यांना दिसत नाही?"

"अकरा वर्षं झाली."

"पण तुम्ही कधी सांगितलंच नाही. फाइलमध्ये कुठंच नाही. मी मार्चमध्ये घर बघून गेले, तेव्हा हे कुठं होते?"

मीच म्हणालो, "माझ्या गाडीत. चिप्स खात."

केलीनं आम्हाला कोपऱ्यात नेलं, शेडच्या बाजूला. आवाज बारीक केला. "मला आज कुणालाच हे सांगायचं नाहीये, पण तुम्हाला सांगते. घर सकाळीच गेलं. ब्रिस्बेनचं जोडपं आहे, दोघंही घरून काम करतात, व्हिडिओवर बघितलं. मालकानं नऊ वाजता होकार दिला. जाहिरात लागलेली होती, म्हणून दार उघडावं लागलं."

"बरं," नोलीन म्हणाली.

"मला माहीत असतं तर, मागच्या वर्षी..."

"तर काय केलं असतंस?"

पोरगी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. ती विचारात पडली. "ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण मालकाला विचारलं असतं. त्यानं घर नव्यानं, वाढीव भाड्यानं द्यायचं ठरवलं ते मी फोटो पाठवल्यावर. मी लिहिलं होतं, घर इतकं चांगलं ठेवलंय की काहीच खर्च न करता दुप्पट भाडं येईल. आंधळा माणूस राहतो हे ठाऊक असतं, तर मी ते पत्रच लिहिलं नसतं."

नोलीननं मान हलवली. मी तिला तेवढी शांत कधी पाहिली नव्हती. तिनं वाकून केल्विनला बूट घातले, नाड्या बांधल्या, दोन्ही गाठी सारख्या केल्या. केली आत जाऊन लोकांना सांगत होती, पंधरा मिनिटं झाली.

नेमकं कुठं जायचं ते मलाही सुचेना, म्हणून मी खाली समुद्राकाठी गाडी लावली, नेहमीच्या जागी. चिप्स घेतल्या. नोलीन मागं बसली होती, तिनं हात लावला नाही. एकदा फक्त म्हणाली, "एक पत्र लिहायचं होतं, लायल. दहा वर्षांत एक पत्र." मी म्हटलं, त्यानं काही झालं नसतं. झालं असतं की नसतं, मला काय ठाऊक? पण असं म्हणायचं असतं.

केल्विननं बऱ्याच वेळानं काच खाली केली. "ओहोटी," तो म्हणाला. मग चिप्सचा कागद चुरगाळून त्यानं माझ्या हातात दिला.

"झाली ना तपासणी?"

"झाली," नोलीन म्हणाली.

"मग चला घरी. दोरी बांधायचीय."

तो चेष्टा करत होता की काय, मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्याचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. मी गाडी सुरू केली आणि रस्त्याच्या तोंडाशी आणून थांबवली. तिथून डावीकडे चढ लागतो, आमच्या गल्लीचा. उजवीकडे विनयार्ड. केल्विन बसल्या जागी थोडा पुढं सरकला होता, चढाला सरकावं लागतं तसा, हात डॅशबोर्डवर. दहा वर्षं या जागेवरून आम्ही डावीकडेच वळलो होतो.

मी उजवीकडे वळलो. वळणानं त्याचं अंग दाराकडे झुकलं. तो तसाच झुकलेला राहिला, मग त्यानं डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. विनयार्ड येईपर्यंत त्यानं तो हलवला नाही.